टेकडीवरची बदली

१२ ऑक्टोबर १९८१

पोचलो एकदाचा! चार महिने छावणीत परेड करून आणि बुटांना पॉलिश मारून जीव विटला होता. आज सकाळी आम्हा रंगरुटांना ट्रकमध्ये कोंबलं, पांडवलेण्यांचा डोंगर मागे पडला, घोटीच्या अलीकडे डांबर संपलं आणि दुपारी उघड्या रानात उतरवलं. आता दिवाळीच्या सुट्टीपर्यंत इथेच. तंबूत झोपायचं, खंदक खणायचे, झाडोऱ्यात लपायचं, नकाशा हातात घेऊन वाट चुकायची. खरी शिपाईगिरी आता सुरू, असं सगळे उस्ताद सांगतात.

जागा मात्र झकास निघाली. खाली भाताची खाचरं पिवळी पडत आली आहेत. ओढ्याला अजून पाणी आहे आणि ते गार आहे. समोर एक बुटकी टेकडी, तिच्या माथ्यावर झेंड्याची काठी. टेकडीच्या पलीकडे तोफांचं मैदान. तोफा चालणार असल्या की काठीवर लाल झेंडा चढतो आणि पायथ्याशी एक पहारेकरी उभा राहतो, म्हणजे गवत कापणाऱ्या बायका आणि गुराखी चुकून आत शिरत नाहीत. सध्या काठी रिकामीच आहे. तोफांचा सराव दिवाळीनंतर.

माझे उस्ताद म्हणजे खुद्द चिमाजी मामा, आईचा सख्खा भाऊ, हवालदार. चैत्रात मामा विंचूरला आला, वडिलांसमोर बसून चहा प्यायला आणि पोराला फौजेत घालतो म्हणाला. मला जायचंय का, हे कुणी विचारलंच नाही. मला नाशकात टायपिंगच्या क्लासला जायचं होतं. वडील बाजार समितीत कांद्याचे मापाडी. त्यांना वाटलं, पोरगं मार्गी लागलं. आई चुलीपाशी बसून होती, एक शब्द बोलली नाही. मी तेव्हा आठवडाभर फुगून बसलो होतो. आज या रानातली हवा खाऊन राग पार गेला. मामा, मानलं तुम्हाला.

हे रोज लिहायचं खूळ मालूचं. मालू म्हणजे मालन, माझी धाकटी बहीण, आठवीत आहे आणि रुबाब मात्र बीए झाल्याचा. निघताना वही हातात दिली आणि दम भरला की भाऊबीजेला येशील तेव्हा सगळं वाचणार, काही वगळायचं नाही. तर मालूबाई, आज वांग्याची भाजी होती, दुसऱ्यांदा मागून घेतली. ओवाळणीत काय पाहिजे ते आत्ताच ठरवून ठेव, नंतर रडारड नको.

१४ ऑक्टोबर

हाताला फोड आलेत. दोघांनी मिळून एक खंदक खणायचा असतो. माझा जोडीदार लियाकत, मालेगावचा, घरी यंत्रमाग. वर माती, खाली नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते. लियाकत म्हणाला, मागावर धागा तुटला तर गाठ मारता येते, इथे कंबर तुटली तर काय मारायचं? मला इतकं हसू आलं की मामाने दोघांना ओढ्यापर्यंत पळत जाऊन यायला लावलं.

दुपारी झाडाखाली पहाऱ्याचा धडा झाला. एका पहारेकऱ्याच्या जागी दुसरा उभा राहतो, त्याला इथे बदली म्हणतात. मामाने सांगितलं, ऊन असो, पाऊस असो, साप निघो, घरचं कुणी मेल्याचा निरोप येवो, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. एवढं बोलून मामा टेकडीकडे बघत बसला. मग मला उभं करून तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि सगळ्यांसमोर मला निवृत्ती म्हणून हाक मारली.

पोरं हसली, पण मला नवल वाटलं नाही. निवृत्ती मामा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. मी हुबेहूब त्याच्यावर गेलोय असं आजोळी सगळे म्हणतात. मी रांगत होतो तेव्हा तो फौजेत भरती झाला आणि ट्रेनिंगमधूनच पळाला. पुन्हा कुणाला दिसला नाही. दर भाऊबीजेला आई दोन पाट मांडते. एकावर चिमाजी मामा बसतो, दुसरा रिकामा. आई रिकाम्या पाटालाही ओवाळते आणि मग मोरीत जाऊन तोंड धुते. आम्ही पोरं त्या पाटाकडे बघून खुसखुसायचो. आता ते आठवून जरा वाईट वाटलं.

१६ ऑक्टोबर

मला हलकं काम मिळालं आहे, आणि सगळी पलटण जळते आहे.

इथे एक रीत आहे. लंगरात, म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या तंबूत, जेवण तयार झालं की पहिलं ताट टेकडीवर जातं. झेंड्याच्या काठीपाशी ठेवायचं, शेजारी पाण्याचा मग, संध्याकाळी एक घोंगडी. पूर्वी पहारा माथ्यावरच असायचा तेव्हा कुणी शिपाई तिथे मेला, तो अजून पहारा देतो म्हणतात. नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे टेकडीवाले साहेब म्हणतात. स्वयंपाकी बद्रुद्दीन चाचा तर भाजीत मीठ कमी पडलं तर साहेब रागावतील म्हणून चाखून पाहतो. ही रीत मामानेच सुरू केली, असंही चाचाच म्हणाला.

आजपासून ताट न्यायचं काम माझ्याकडे. मामाने मुद्दाम माझं नाव घेतलं. बाकीचे कोपरांवर रांगत काटे टोचून घेतात आणि मी ताट घेऊन टेकडीवर फिरायला जातो. साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणालो, साहेब, आज मटण आहे, एखादा तुकडा ठेवा. लियाकतला हे सांगितलं तर त्याने कानाला हात लावले. मोठा भित्रा आहे.

१९ ऑक्टोबर

मालू, काही वगळायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहितो.

ताट रोज रिकामं असतं. मला वाटायचं कुत्रं किंवा कावळे. पण कावळे भाताची शितं सांडतात, आणि कुत्रं ताट पालथं करतं. इथे ताट पुसून घेतल्यासारखं, मगही रिकामा आणि उपडा घातलेला. घोंगडी चार पदरी घडी करून ठेवलेली, आम्हाला छावणीत शिकवतात तशी.

आज भर दुपारी जरा नीट पाहिलं. टेकडीवर गुडघाभर गवत आहे. काठीच्या भोवती मात्र एक गोल, त्यात गवताची काडी नाही. माती पायांनी तुडवून टणक झालेली. त्यात बुटांचे ठसे आहेत, ताजे. गोलाच्या बाहेर एकही ठसा नाही. वर चढल्याचा नाही, खाली उतरल्याचा नाही.

मी साहेबांची थट्टा केली नाही आज. ताट ठेवलं आणि निघालो. उतरताना पाठीवर कुणीतरी बघतंय असं सारखं वाटत होतं, पण ते रागाचं वाटलं नाही. एसटी सुटली की स्टँडवर राहिलेला माणूस आपल्याकडे बघत राहतो ना, तसं काहीतरी. मामाला सांगितलं. मामाचे डोळे भरून आले. म्हणाला, तुलाच दिसणार, मला ठावं हुतं.

२१ ऑक्टोबर

सगळ्या तुकडीतून माझी निवड झाली!

मामाने बाजूला घेऊन सांगितलं. टेकडीवाल्या साहेबांना दिवाळीची सुट्टी द्यायची असते. त्यासाठी एखाद्या चांगल्या रंगरुटाने टेकडीवर जाऊन त्यांची बदली करायची, नुसती मानाची. दोन वाक्यं बोलायची, सॅल्यूट करायचा, उतरायचं. ज्याने ती केली त्याचं फौजेत भलं होतं. शिवाय मला रविवारच्या ट्रकने सगळ्यांबरोबर सुट्टी पक्की. मामाने वाक्यं पाठ करून घेतली. मी गोरक्ष, शकुबाईचा मुलगा, तुझी बदली करायला आलोय. आता तू घरी जा.

आईचं नाव कशाला, असं मी विचारलं. फौजेत बापाचं नाव लावतात. मामा म्हणाला, मेलेल्या माणसाला आईचं नाव लवकर कळतं. मला ते पटलंही आणि आवडलंही.

लियाकतने रंगाचा बेरंग केला. त्याने बद्रुद्दीन चाचाला विचारलं म्हणे. चाचा दरवर्षी या रानात स्वयंपाकाला येतो, आणि अशी बदली कुणी केल्याचं त्याने कधी पाहिलं नाही की ऐकलं नाही. लियाकत म्हणाला, गोरक्ष, ये ठीक नहीं लगता, तुझ्या मामाला म्हणावं तुम्हीच जा. मी त्याला फाडकन बोललो की तुला निवडलं नाही म्हणून पोटात दुखतंय. नंतर वाईट वाटलं. पण सख्खा मामा आहे तो. सख्ख्या मामावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

२३ ऑक्टोबर

हे मी टेकडीवर बसून लिहितो आहे. वही आणि पेन्सिल खिशात होती ते बरं झालं.

दुपारचं जेवण झाल्यावर मामा आणि मी निघालो. मामा अर्ध्या वाटेत थांबला, वर आला नाही. मी गोलात शिरलो, टाच आपटली, सॅल्यूट केला, आणि पाठ केलेली वाक्यं मोठ्याने म्हणालो. वारा पडला. बाकी काही झालं नाही. मला हसूच आलं.

मग खालून मामाने हाक मारली, चल रं गोरक्ष. मी आलो म्हणालो. तेवढ्यात माझ्या खांद्याला घासून कुणीतरी पुढे गेलं.

मला त्याची पाठ दिसली. माझाच खाकी शर्ट, कोपरावर मी स्वतः घातलेला टाका. माझी टोपी. तो भराभर उतरत गेला, पाय मोकळे झाल्यासारखा. मामाने त्याला मिठी मारली. भर उन्हात माझा मामा हमसाहमशी रडत होता. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून दोघे तंबूंकडे गेले. मामाने एकदाही वर पाहिलं नाही.

मी ओरडलो. पुष्कळ ओरडलो. गोलाच्या बाहेर पाय टाकला. टाकलेलं पाऊल पडलं ते काठीपाशीच. पुन्हा टाकलं. पुन्हा काठीपाशी. पळत सुटलो तरी काठीपाशीच.

संध्याकाळी ताट घेऊन लियाकत आला. मी त्याचा हात धरला. त्याने हात झटकला, डास झटकावा तसा, आणि कानाला हात लावून पळाला. खाली तंबूपुढे तो बसला होता. माझ्या जागेवर. लियाकत त्याच्याशी हसून बोलत होता.

मला भूक नव्हती. पण ताट रिकामं झालं आहे.

२४ ऑक्टोबर

आज ताट घेऊन मामा आला. माझ्याकडे पाठ करून बसला आणि बोलत राहिला. त्याला मी ऐकू येतो. तो विचारलेल्याला उत्तर देतो. फक्त तोंड फिरवत नाही.

माझा शर्ट घालून खाली गेला, तो निवृत्ती मामा आहे.

तो पळाला नव्हता. चिमाजी मामा तेव्हा पहाऱ्यांचा प्रमुख होता. त्याने सख्ख्या भावाला झेंड्यापाशी उभं केलं, मी नायतर घरचं कुणी बदलीला येईस्तवर हलायचं नाय असं बजावलं, आणि स्वतः घोटीला मित्राच्या हळदीला गेला. दारू प्यायला, तिथेच पडला. बदली पाठवायची राहून गेली. तोफा सुरू झाल्या. एक गोळा अलीकडे पडला. निवृत्ती मामाने तो येताना ऐकला असणार, पण हलला नाही. भावाने सांगितलं होतं.

चिमाजी मामाने जे उरलं ते पुरलं आणि वर कळवलं की पोरगं पळालं. स्वतःची नोकरी वाचवली. आणि माझ्या आईला आयुष्यभर रिकाम्या पाटाला ओवाळायला लावलं.

तेव्हापासून तो इथेच. तोफा सुरू झाल्या की दर वेळी तोच गोळा त्याला पुन्हा लागतो, असं मामा म्हणाला. तुकडे होतात. मग तो पुन्हा उभा असतो. परक्या माणसाने बदली केली तर तो ऐकत नाही, कारण त्याला घरच्याची वाट बघायला सांगितलेलं आहे.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही गेलात? तुम्हीच उभं केलं होतंत ना?

मामाने काडीने माती उकरली. मग म्हणाला, दोन पोरी उजवायच्या हायेत, गोरक्ष. येत्या साली पेन्शन बसतीय.

बस, एवढंच.

मी त्याला तू म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. तू हलकट आहेस म्हणालो. तो म्हणाला, हाय. पण चार दिसांचाच सवाल हाय, भाऊबीज झाली की तो माघारी यील, मी आक्काला सबूद दिलाय.

आक्का म्हणजे आई.

चैत्रात, चुलीपाशी. मला भरती करायचं ठरलं तेव्हाच त्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती गप्प बसली होती ती यासाठी.

२५ ऑक्टोबर

सुट्टीचा ट्रक गेला. मागच्या बाजूला लियाकत, आणि शेजारी तो, माझी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन. पेटीत मालूसाठी घेतलेल्या बांगड्या आहेत. तिला त्या तो देणार.

आईने चार दिवसांसाठी कबूल केलं असेल. मी स्वतःला समजावतो आहे. तिने त्याला कडेवर वाढवलं, आजी लवकर गेली होती. तिला एकदा बघायचं असेल, एकदा खऱ्या पाटावर ओवाळायचं असेल. मी तिच्या जागी असतो तर —

मी तिच्या जागी असतो तर पोटच्या पोराला विचारलं असतं. निदान विचारलं असतं!

२९ ऑक्टोबर

आज भाऊबीज. खाली खाचरात भात कापणारी माणसं आज आली नाहीत. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर फटाके वाजले.

ताट आलं नाही. खाली कुणी नाही. तहान लागते. तहान लागते पण मरत नाही. ऊन अंगावर पडतं आणि सावली पडत नाही.

विंचूरला आत्ता दोन्ही पाट भरले असतील.

माझा पाट कुठे मांडला असेल?

२ नोव्हेंबर

आले. ट्रक आला. तो उतरला. गाल भरलेत, केसांना तेल. दिवाळीचं खाऊन आलाय.

आता येईल. आता वर येईल. चार दिवस म्हणाले होते, आठ झाले —

त्याने टेकडीकडे पाहिलं. मला पाहिलं. मला नक्की पाहिलं. मग पाठ केली आणि लंगराकडे गेला.

परवा तोफा.

४ नोव्हेंबर

आई आली! मामाबरोबर, वरपर्यंत आली, गोलाच्या कडेशी. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिला कळलं. तिने हात पुढे केला, मग पदरात घेतला.

तिच्या हातात चकल्यांचा डबा. ती खाली बसून बोलली. निवृत्ती यायला तयार नाही. पाय धरतो, आक्का मला परत धाडू नको म्हणतो, झोपेत गोळ्याचा आवाज आला म्हणून ओरडतो. तिला त्याला जा म्हणवत नाही. तू मोठ्या मनाचा हाय, लेकरा, म्हणाली.

मी म्हणालो, आई, तू घरचीच आहेस. मामा घरचा आहे. तुमच्यापैकी कुणीही दोन वाक्यं म्हणू शकतं.

आईने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

मग मामा म्हणाला, मालू मोठी झाली की —

आई वाघिणीसारखी त्याच्यावर धावली. माझ्या पोरीचं नाव काढलंस तर जीभ हासडीन म्हणाली. एक दिला तेवढा पुरे झाला.

एक दिला. म्हणजे मी.

तिला येतं तर. पोरासाठी धावता येतं तिला. माझ्या वेळेला चुलीपाशी बसली होती.

ती आणखीही बोलली, रडत. मालू त्याच्यासमोर तबक घेऊन उभी राहिली आणि ओवाळीचना. हा माझा दादा नाय म्हणाली. बांगड्या अंगणात फेकल्या. वडिलांनी मारलं तरी नाही. आज हट्टाने मागे लागून आली, खाली रस्त्याला बाभळीखाली बसवून ठेवली आहे.

मालू. एकटी मालू.

मामाने लाल झेंडा चढवला. आईला दंडाला धरून ओढत खाली नेलं. डबा इथेच राहिला.

झेंडा फडफडतो आहे. पलीकडे गाड्यांचे आवाज. तोफा आणल्या —

तारीख तीच

गवतात काहीतरी हलतंय. मागच्या बाजूने.

मालू. हातात तबक. निरांजन विझलंय. फ्रॉकला काटे लागलेत, धापा टाकते आहे.

मालू, खाली जा. जा खाली. आत्ताच्या आत्ता —

तिला मी दिसतो. दादा म्हणाली. दादा, वाळलास किती. सातव्या दिवशी तरी चालतं का रे ओवाळलेलं, म्हणून विचारते आहे. काडेपेटी काढली. निरांजन पुन्हा लावते आहे.

मी मामासारखा नाही. मी आईसारखा नाही. मी तिला काही सांगणार नाही. तिने ओवाळावं आणि जावं.

पहिली तोफ.

लांब गेला गोळा. मालूने कान झाकले. दुसरा — अजून लांब. पण तो यायचा आहे, माझा, तो अलीकडचा. मला आत्तापासून ऐकू येतोय. अंगात ऐकू येतोय. फाटतं आहे सगळं. मालू, मला सहन —

ती विचारते, दादा, तू खाली का येत नाहीस? काय केलं की येशील? सांग ना, मी करते.

सांग ना म्हणते.

तेरावं लागलंय तिला. तेरावंच. नको. मी तोंड दाबून धरलंय. हाताने दाबून —

शीळ येते आहे गोळ्याची. जवळ.

मी म्हणालो, मालू, काही नाही गं, सोपं आहे, माझ्यामागून म्हण. मी मालन, शकुबाईची —